बोलणारा संगणक निवडताना

संगणक घ्यायचा म्हटले की आपण दुकानात जातो, पडदा पाहतो, वेग विचारतो, किमतीत थोडी घासाघीस करतो आणि घरी घेऊन येतो. त्याच्या आत कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली आहे, याची चौकशी शंभरात एखादाच करीत असेल. डोळसाचे त्यावाचून फारसे अडतही नाही. परंतु ज्याला पडदा दिसतच नाही, त्याची खरेदी नेमकी याच प्रश्नापासून सुरू होते. संगणक त्याच्याशी बोलणार की मुका बसणार, हे पुष्कळ अंशी कार्यप्रणालीवरच ठरते. या विषयाची माहिती गेल्या वर्षभरात मला करून घ्यावी लागली. ती वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

माझे घर सुरतेला, लिंबायतमध्ये. वडील खानदेशातले, आई अथणीकडची. त्यामुळे घरात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा चालतात. शाळा मात्र महानगरपालिकेची, मराठी माध्यमाची. त्या शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राला दृष्टिपटलाचा आजार जडला. आधी रात्रीचे दिसेनासे झाले, मग फळा दिसेनासा झाला, आणि दहावीनंतर पुस्तकही गेले. त्याने शिक्षण सोडले नाही. आज तोही माझ्यासारखाच वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे आणि रिंग रोडच्या कापड बाजारात एखाद्या पेढीवर हिशेबनीस व्हावे, अशी त्याची इच्छा आहे. त्याचे वडील यंत्रमागावर काम करतात. ते मला म्हणाले, "पैसा मी एकदाच घालू शकतो. पोरगा एकटा चालवील असं मशीन सांग." प्रश्न सोपा वाटला, पण उत्तर शोधायला मला आणि मित्राला बरेच दिवस लागले.

संगणक बोलतो कसा?

अंध व्यक्ती संगणक वापरते ती स्क्रीन रीडर नावाच्या प्रोग्रामच्या साहाय्याने. पडद्यावर काय आहे ते हा प्रोग्राम आवाजात सांगतो, किंवा ब्रेलचे यंत्र जोडलेले असेल तर उठावाच्या ठिपक्यांत उमटवतो. माउसचा उपयोग जवळजवळ नसतो. सगळे काम कीबोर्डवरून चालते.

पुष्कळांना वाटते की हा प्रोग्राम आपल्यासारखाच पडदा 'पाहतो' आणि वाचतो. तसे सहसा नसते. प्रत्येक प्रोग्रामने कार्यप्रणालीकडे नोंद द्यायची असते: हे बटण आहे, याचे नाव 'जतन करा', ही चौकट आहे, येथे रक्कम लिहायची. स्क्रीन रीडर ही नोंद कार्यप्रणालीकडून मागून घेतो आणि बोलून दाखवतो. आपल्या वाणिज्यच्या भाषेत सांगायचे तर, व्यवहार झाला पण वहीत नोंद नाही, तर ताळेबंदात तो येणार कोठून? तसेच हे आहे. एखाद्या प्रोग्रामने पडद्यावर नुसते बटणाचे चित्र काढले आणि नोंद दिली नाही, तर डोळसाला ते बटण दिसते, स्क्रीन रीडरच्या लेखी मात्र तेथे काहीच नसते.

म्हणून निवडीचा प्रश्न तीन भागांचा आहे. कार्यप्रणालीने नोंदीची सोय नीट केलेली असावी, तिच्यावर चालणारा स्क्रीन रीडर चांगला असावा, आणि आपल्या कामाचे प्रोग्राम ती नोंद देणारे असावेत. यांपैकी एक पाय लंगडा असला तरी तिवई उभी राहत नाही.

बाजारात काय आहे?

पहिली विंडोज. तिच्यात नॅरेटर नावाचा वाचक २००० सालापासून अंगचाच आहे. पूर्वी तो फार तोकडा होता, अलीकडे बराच सुधारला आहे. परंतु अंध मंडळी प्रामुख्याने वापरतात ते दुसरे दोन. एक जॉज. अपघातात दृष्टी गमावलेल्या टेड हेंटर यांच्या अमेरिकेतील कंपनीने तो १९८९ मध्ये काढला. त्याचे सामर्थ्य मोठे, पण किंमत आपल्यासारख्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची. दुसरा एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने तो २००६ मध्ये लिहायला घेतला. त्याचे मित्र जेम्स टेह, तेही अंधच, त्याला येऊन मिळाले. विकतचा वाचक परवडत नाही म्हणून कोणी संगणकापासून वंचित राहू नये, ही त्यामागची भूमिका. तो आजही विनामूल्य मिळतो. अमेरिकेतील वेबएम या संस्थेने २०२३-२४ मध्ये दीड हजारांवर लोकांची पाहणी केली. तीत सुमारे ४० टक्क्यांनी जॉज आणि सुमारे ३८ टक्क्यांनी एनव्हीडीए हा आपला मुख्य वाचक असल्याचे सांगितले. म्हणजे फुकटचा माल महागड्याच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे.

दुसरी ॲपलची मॅक. तिच्यात व्हॉइसओव्हर हा वाचक २००५ पासून कार्यप्रणालीबरोबरच येतो. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही, डबा उघडल्यापासून अंध माणूस स्वतः तो सुरू करू शकतो. अडचण एकच, यंत्राची किंमत.

तिसरी लिनक्स. ही कार्यप्रणाली मुक्त आहे. घ्यायला पैसे नाहीत आणि जुन्या यंत्रावरही ती चालते. तिच्यावरील वाचकाचे नाव ऑर्का. केरळमध्ये तर 'ॲक्सेसिबल कोकोनट' नावाची लिनक्सची एक आवृत्ती अंधांसाठीच तयार झाली आहे. आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे जीएनयूखाता हे द्विनोंदी हिशेबाचे मुक्त सॉफ्टवेअर. ते ज्यांच्या पुढाकाराने उभे राहिले, ते मुंबईचे कृष्णकांत माने स्वतः दृष्टिहीन. अंध माणूस हिशेब ठेवू शकेल का, अशी शंका घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे: हिशेबाचे सॉफ्टवेअरच एका अंध माणसाच्या नेतृत्वाखाली तयार झाले आहे.

मोबाइलचे म्हणाल तर अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर, दोन्ही २००९ मध्ये आले. माझा मित्र फोन माझ्यापेक्षा भराभर चालवतो. पण खतावणीचे काम फोनवर होत नाही. त्याला कीबोर्ड आणि मोठा तक्ता लागतो.

आम्ही विचारलेले प्रश्न

जाहिराती बाजूला ठेवून आम्ही पाच प्रश्नांची यादी केली. दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल म्हणून ती देतो.

पहिला: यंत्र सुरू झाल्यापासून बोलते का? विंडोजमध्ये कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबल्या की नॅरेटर बोलू लागतो, अगदी पहिल्या मांडणीच्या वेळीही. ज्याला दर वेळी 'जरा हे लावून दे' म्हणून शेजाऱ्याला हाक मारावी लागते, त्याचे यंत्र त्याचे नव्हे.

दुसरा: जे काम करायचे आहे ते त्यावर बोलते का? एक्सेलमध्ये एनव्हीडीए सुरू करून बाणाची कळ दाबली की आतला आकडा आणि त्या घराचा पत्ता, म्हणजे 'बी चार', असे ऐकू येते. मित्राने पहिल्याच आठवड्यात पंचवीस ओळींचा तक्ता एकट्याने मांडला आणि बेरीज जुळवली.

तिसरा: आपली भाषा बोलते का? एनव्हीडीए आणि ऑर्का या दोघांबरोबर चालणारा ईस्पीक हा आवाज मराठी, गुजराती, हिंदी आणि कन्नड या चारही भाषा बोलतो. आवाज यंत्रासारखा कोरडा आहे. पण कान सरावले की समजतो आणि भरधाव वेगातही स्पष्ट राहतो.

चौथा: एकूण खर्च किती? येथे एक सावधगिरी हवी. विंडोज १० चे नियमित साहाय्य ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले, आणि विंडोज ११ पुष्कळ जुन्या यंत्रांवर चढत नाही. त्यामुळे वापरलेले यंत्र स्वस्तात मिळाले तरी आधी हे विचारून घ्यावे. यंत्र फारच जुने असेल तर त्याला लिनक्स बरी.

पाचवा: अडले तर विचारायचे कोणाला? ज्या वाचकाचे वापरणारे आपल्या आसपास अधिक, तो शिकायला सोपा.

या पाच कसोट्यांवर मित्राने विंडोज ११ आणि एनव्हीडीए यांची निवड केली. त्यात मोठे कारण हेच की बाजारातील बहुतेक पेढ्यांवर विंडोजच असते. घरी एका जुन्या यंत्रावर तो लिनक्सही शिकतो आहे.

निवडीनंतरची अडचण

एवढे झाल्यावर प्रश्न सुटला असे आम्हाला वाटले होते. परंतु ओळखीच्या एका पेढीवर जाऊन तेथील हिशेबाच्या प्रोग्रामवर त्याने हात चालवला, तेव्हा काही पडद्यांवर एनव्हीडीए गप्प राहिला. वर सांगितलेली नोंदच त्या पडद्यांना नव्हती. कार्यप्रणाली चांगली, वाचक चांगला, हाताला सराव. तरी काम अडले. त्याने हार मानली नाही. एक्सेलवर रोजमेळ करून दाखवला, आणि पेढीच्या मालकांनी पुन्हा येण्यास सांगितले आहे. पण नोकरी मिळेल की नाही हे आता त्याच्या कष्टांइतकेच प्रोग्राम लिहिणाऱ्यांवरही अवलंबून आहे, ही गोष्ट मला बोचते.

दुसरी अडचण लिपीची, आणि ती तर आपणच निर्माण करतो. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली, तेव्हा भारतातील भाषांना सारख्या ध्वनीसाठी सारखेच ठिपके मिळाले. 'क' मराठीत असो, गुजरातीत असो की कन्नडमध्ये, बोटाला तो सारखाच लागतो. १९८६ च्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवरही या तिन्ही भाषांतील 'क' एकाच कळेवर आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. असे असता आपण अजून जुन्या फॉन्टांत टंकलेखन करतो. कृती देव या फॉन्टात 'मराठी' हा शब्द यंत्राच्या पोटात ई, जे, के, बी, एच या पाच इंग्रजी अक्षरांच्या रूपाने साठवलेला असतो. फॉन्ट त्याला फक्त मराठी मुखवटा चढवतो. आपल्याला मुखवटा दिसतो, अंध विद्यार्थ्याला पोटातले ऐकू येते. पानभर टिपणे अशी ऐकून पाहा, म्हणजे कळेल. कन्नडमधील जुन्या नुडी फॉन्टांचीही हीच कथा; तेव्हा कन्नड विभागाच्या मित्रांनीही हे आपले समजावे.

कायद्याने अंध व्यक्तींना हक्क दिले आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती आणि तंत्रज्ञान त्यांना सुलभ असावे असे म्हटले आहे. आपल्या शेजारच्या अहमदाबादेत २०१२ मध्ये युनियन बँकेने बोलणारे एटीएम बसवले, ते देशातले पहिले. मनावर घेतले तर यंत्र बोलते, याचा हा पुरावा होय.

मग आपण विद्यार्थ्यांनी काय करावे? टिपणे युनिकोडमध्येच लिहावीत. वहीच्या पानाचा फोटो पाठवण्याऐवजी मजकूर टाइप करून पाठवावा. फोटोतले हस्ताक्षर वाचक बहुधा वाचू शकत नाही. आकृती दिली तर खाली दोन ओळींत ती काय दाखवते ते लिहावे. आणि उद्या आपल्यापैकी कोणी एखाद्या पेढीसाठी, बँकेसाठी वा कारखान्यासाठी सॉफ्टवेअर विकत घेण्याच्या जागेवर बसेल, तेव्हा विक्रेत्याला इतर प्रश्नांबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा: हे स्क्रीन रीडरवर चालते का? गिऱ्हाईक मागू लागले की माल तयार होतो, हा बाजाराचा नियम आपण पहिल्याच वर्षी शिकलो आहोत.