झपाटलेल्या घराचा शोध : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्यातला शनिवारवाडा, राजस्थानातला भानगड, शिमल्याच्या वाटेवरचा बडोगचा बोगदा. आठवडाभर संगणकासमोर बसणाऱ्या तरुण मंडळींच्या सुट्टीच्या बेतात हल्ली ही नावं हमखास असतात. पुण्याच्या हिंजवडीतून वाड्यापर्यंत जाता येतं, तसंच चंदीगडच्या आयटी पार्कमधून साठेक किलोमीटरवरच्या बडोगला. कुठे चार मित्र मिळून जातात, तर कुठे पैसे भरून 'रात्रीच्या शोधमोहिमे'त सामील होतात.

हे कुतूहल चांगलं आहे. ज्याची भीती वाटते ते जाऊन पाहावंसं वाटणं ही शोधाची पहिली पायरी. पण भुताच्या घराचा शोध म्हणजे काय, याची आपली कल्पना बहुतेक टीव्हीवरून आलेली असते. महाराष्ट्रात हे काम गेली चार दशकं गावोगाव, पदरमोड करून चाललं आहे. श्याम मानव यांनी १९८२ साली नागपुरात अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची (अंनिस) स्थापना केली. या कार्यकर्त्यांनी भानामतीच्या प्रकरणांचा छडा कसा लावला हे समजून घेतलं, की पुढचे गैरसमज एकेक करून गळून पडतात.

गैरसमज : शोध रात्रीच घ्यायचा असतो.

वस्तुस्थिती : रात्र ही शोधाची सर्वांत वाईट वेळ. अंधारात डोळ्यांना अर्धवट दिसतं आणि उरलेलं चित्र मेंदू स्वतःच्या अंदाजाने पुरं करतो. त्यात झोप अपुरी झालेली असते आणि कान टवकारलेले असतात. दिवसा जी खिडकीची कडी करकरते म्हणून आपण लक्ष देत नाही, तीच रात्री दोनला कुणाचं तरी पाऊल वाटते.

शनिवारवाड्याचंच बघा. पौर्णिमेच्या रात्री नारायणराव पेशव्यांची किंकाळी ऐकू येते, असं सांगतात. त्यांचा खून झाला तो ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, आणि तोही दुपारच्या वेळी. ज्या इमारतीत तो झाला ती १८२८ च्या आगीत जळून गेली. आज उरले आहेत ते तट, दरवाजे आणि जोती. संध्याकाळी वाडा बंद होतो त्याचा भुताशी संबंध नाही. संरक्षित स्मारकं सामान्यतः सूर्योदय ते सूर्यास्त उघडी ठेवावीत, असा नियमच आहे. भानगडच्या ज्या पाटीचे फोटो भीतीने पुढे पाठवले जातात, तीही सूर्यास्तानंतर प्रवेश बंद असल्याचं सांगते, भुताचं नाव घेत नाही.

गैरसमज : इतक्या जणांना अनुभव आला, म्हणजे काहीतरी असणारच.

वस्तुस्थिती : अनुभव खोटा नसतो, त्याचा लावलेला अर्थ चुकीचा असू शकतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात एकाच जुन्या नाट्यगृहात दोन गट पाठवले. एकाला सांगितलं, जागा झपाटलेली आहे. दुसऱ्याला सांगितलं, डागडुजी चालू आहे. जागा एकच, पण विचित्र अनुभवांची नोंद पहिल्या गटाकडून कितीतरी जास्त आली. बडोगला जाणारा प्रत्येक जण इथला इंग्रज अभियंता कर्नल बडोग याच्या आत्महत्येची गोष्ट ऐकूनच बोगद्याच्या तोंडाशी उभा राहतो. एच. एस. हॅरिंग्टन यांच्या देखरेखीखाली पुरा झालेला ११४३ मीटर लांबीचा ३३ क्रमांकाचा बोगदा मात्र १९०३ पासून कालका–शिमला गाडीला रोज वाट देतो आहे.

कधी कधी कारण अगदी भौतिक असतं, आणि धोक्याचंही. डॉ. विल्यम विल्मर यांनी १९२१ साली नेत्रवैद्यकाच्या एका अमेरिकन नियतकालिकात एका कुटुंबाची हकीकत छापली. घरात पावलांचे आवाज, आकृत्या, छातीवर कुणी बसल्याची भावना, सतत डोकेदुखी. कुंडीतली झाडंसुद्धा मरत होती. दोष निघाला घर तापवण्याच्या भट्टीत. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड घरात पसरत होता. भट्टी दुरुस्त झाली आणि भुतं गेली. आपल्याकडे बंद न्हाणीघरातला गॅस गीझर आणि उत्तरेत थंडीत दार लावून पेटवलेली शेगडी हाच वायू सोडतात. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. म्हणून घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखत असेल, तर आधी खिडक्या उघडा आणि गीझर बंद करा.

गैरसमज : यंत्रं भुताचा माग काढतात.

वस्तुस्थिती : यंत्र जे मोजायला बनवलंय तेच मोजतं. विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारं मीटर भिंतीतल्या वायरिंगजवळ, फ्रिजजवळ आणि खिशातल्या मोबाइलजवळ उजळतं. जुन्या घरात अर्थिंग धड नसेल तर जास्तच. लेझरचा ठिपका टाकणारा तापमापक समोरच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, खोलीतल्या हवेचं नाही; त्यामुळे खिडकीच्या काचेवर रोखला की 'थंड जागा' सापडतेच. रेकॉर्डरमधल्या खरखरीत शब्द ऐकू येतात, कारण आपला मेंदू आवाजात भाषा शोधतच असतो. त्यातून कुणी आधी सांगितलं की यात 'जा' असं म्हटलंय, तर सगळ्यांना 'जा'च ऐकू येतं.

फोटोतल्या तरंगत्या गोळ्यांचा उलगडा घरीच होतो. अंधाऱ्या खोलीत सतरंजी झटका आणि मोबाइलचा फ्लॅश चालू ठेवून फोटो काढा. भिंगाच्या अगदी जवळची धूळ फ्लॅशच्या उजेडात चमकते आणि फोकसबाहेर असल्याने गोल, पांढुरकी दिसते. पावसाळ्यात बाहेर तुषारांचं असंच होतं.

कानाला न ऐकू येणाऱ्या कंपनांबद्दलही बरंच बोललं जातं. ब्रिटिश अभियंता व्हिक टँडी यांना प्रयोगशाळेत कडेने करडी आकृती दिसल्याचा भास झाला. दुसऱ्या दिवशी पकडीत बसवलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना दिसलं, तेव्हा त्यांनी शोध घेतला. नव्या पंख्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झची कंपनं उभी राहत होती. पंखा बंद करताच प्रकार थांबला. १९९८ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पण २००९ च्या एका प्रयोगात लंडनमध्ये मुद्दाम बनवलेल्या खोलीत ७९ जणांना ठेवलं, तेव्हा कंपनं आणि विद्युतचुंबकीय क्षेत्र चालू असो वा बंद, विचित्र अनुभव येतच राहिले. सहभागींचा सूचनेला बळी पडण्याचा स्वभाव त्यात जास्त महत्त्वाचा दिसला. म्हणजे वैज्ञानिक उत्तरंही तपासूनच घ्यावी लागतात.

गैरसमज : घरावर दगड पडतात, कपडे पेटतात, हे माणसाच्या हातचं नाही.

वस्तुस्थिती : मराठी मुलखात झपाटलेलं घर म्हणजे बहुधा भानामतीचं घर. कौलांवर दगड येतात. दांडीवरच्या साड्या पेट घेतात. शिजल्या भातात माती, कधी विष्ठा सापडते. बाईच्या पाठीवर काळ्या फुल्या उमटतात.

यातली प्रत्येक गोष्ट हातानेच होते. फुल्यांचंच पाहा. बिब्बा टोचला की त्यातून तेलकट, काळपट रस येतो. धोबी कपड्यांवर खूण करायला हाच रस वापरत, कारण तो धुतला तरी जात नाही. अंगाला लागला की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतो आणि काळा डाग राहतो. खोडकर हाताला किंवा दुखावलेल्या मनाला घरात असलेला बिब्बा पुरतो. तसंच आगीचं. पांढरा फॉस्फरस पाण्यात ठेवतात, कारण हवेत तो थोड्याशा उबेनेही पेटतो. असे रासायनिक 'चमत्कार' कार्यकर्ते शाळांमधून करून दाखवत आले आहेत. घरगुती प्रकरणात तर बहुतेक वेळा साधी काडेपेटी पुरते, फक्त ओढताना कुणी पाहिलेलं नसतं.

शोधाची पद्धत साधी पण चिकाटीची आहे. घरातल्या प्रत्येकाशी स्वतंत्र बोलायचं. घटनांची यादी करायची : कुठे, किती वाजता, घरात कोण, पहिल्यांदा कुणी पाहिलं. सगळे एकत्र बसले असताना काही घडतं का, ते पाहायचं. मग एक गोष्ट लक्षात येऊ लागते. घटना घडते तेव्हा एक ठरावीक माणूस आसपास असतो आणि तो माणूस गावाला गेला की घर शांत असतं.

गैरसमज : करणारा सापडला की त्याला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं.

वस्तुस्थिती : इथेच खरं काम सुरू होतं. तो माणूस बहुतेकदा घरातला सर्वांत दुबळा असतो. नांदायला आलेली, ऐकून घेणारं कुणी नसलेली सून. शाळा सुटलेली मुलगी. नकोसं लग्न ठरलेला मुलगा. बोलून काही होत नाही म्हणून घर दगडांनी बोलू लागतं. काहींना तर आपण करतोय याची धड जाणीवही नसते.

म्हणून जाणता कार्यकर्ता त्याला बाजूला घेतो, विश्वासात घेतो, हे पुन्हा होणार नाही असं वचन घेतो आणि नाव कुठेच फोडत नाही. घरच्यांना एवढंच सांगितलं जातं की यापुढे काही होणार नाही. मूळ त्रास काय, याचं बोलणं वेगळं होतं आणि गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेतली जाते. नाव बाहेर पडलं, तर दगड थांबतील पण त्या माणसाचं जगणं उद्ध्वस्त होईल. मोबाइलवर चित्रण करून ते जगाला दाखवणाऱ्यांनी हे पहिल्यांदा लक्षात घ्यायला हवं.

गैरसमज : सोबत एखादा मांत्रिक नेला तर बिघडलं कुठे?

वस्तुस्थिती : बरंच बिघडतं. मांत्रिक आला की कुणाकडे तरी बोट दाखवतो आणि करणी केली म्हणून शेजारची विधवा किंवा भावकीतलं घर वाळीत पडतं, कधी मारहाण होते. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात, यासाठी कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्या डॉ. दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड अशी त्यात शिक्षा आहे. भुतावर विश्वास ठेवणं या कायद्याने गुन्हा ठरत नाही. त्या विश्वासाच्या नावाने माणसाला छळणं ठरतं.

गैरसमज : कारण सापडलं नाही, म्हणजे भूतच.

वस्तुस्थिती : कारण सापडलं नाही, म्हणजे अजून सापडलं नाही, एवढंच. इंग्लंडमधलं बोर्ली रेक्टरी हे घर भूतशोधक हॅरी प्राइस यांनी १९३७ साली वर्षभरासाठी भाड्याने घेतलं, 'द टाइम्स'मध्ये जाहिरात देऊन ४८ निरीक्षक जमवले आणि त्यांना सूचनांची पुस्तिका दिली. नोंदींचा ढीग जमला. पण काय ऐकायचं, काय पाहायचं, हे त्यांना पुस्तिकेनेच सुचवलं होतं. १९५६ साली तीन अभ्यासकांनी त्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा पुरावा म्हणून फारसं काही उरलं नाही आणि खुद्द प्राइस यांच्या प्रामाणिकपणावर प्रश्नचिन्ह लागलं. नुसत्या माणसांच्या संख्येने शोध शास्त्रीय होत नाही.

सामील व्हायचं असेल तर

मालकाची लेखी परवानगी घ्या. पडक्या घरात भूत नसलं तरी साप, कुजलेले वासे आणि उघडी विहीर असते. पहिली फेरी दिवसा करा. जागेची दंतकथा ऐकण्याआधी आपल्याला काय जाणवलं ते प्रत्येकाने वेगवेगळं लिहून काढा, मग ताडून पाहा. वायरिंग, नळ, गीझर, छपरावरची घुबडं आणि उदमांजरं तपासा. घरात कुणी राहत असेल, तर यंत्रं गाडीतच ठेवा आणि आधी त्या माणसांशी बोला. कुणाची झोप उडाली आहे, कुणाला बोलू दिलं जात नाही, हे विचारा. मारहाण दिसली तर थेट पोलीस ठाण्यात जा. जवळच्या अंनिस शाखेतल्या अनुभवी कार्यकर्त्यांसोबत गेलात, तर हे सगळं प्रत्यक्ष काम करत शिकता येतं.

भुताच्या घरात भूत सापडत नाही, पण त्रासात असलेलं माणूस बहुधा सापडतं. त्याला शोधून त्याचा त्रास कमी करता आला, तर ती मोहीम यशस्वी झाली असं समजावं.