नाव होते 'नागरिक'

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरी पहिला बळी जातो तो माळ्यावरच्या कागदांचा. यंदा सौ.ने वडिलांच्या जुन्या मासिकांचे गठ्ठे खाली काढले आणि विचारले, "यांचे काय करायचे?" मी चपला पायात सरकवता सरकवता म्हटले, "देऊन टाक रद्दीत," आणि अकोल्याची गाडी गाठायला अमरावतीहून बडनेऱ्याकडे धावलो.

अकोल्याला एका प्राध्यापक मित्राचे व्याख्यान होते. विषय, विस्मृतीत गेलेली मासिके. पठ्ठ्याने आरंभ केला तो थेट शिकागोपासून! तिथे १९५७ साली काळ्या पुरुषांसाठी 'ड्यूक' नावाचे झोकदार मासिक निघाले. संपादक डॅन बर्ली, हाडाचा पत्रकार आणि पियानोवरही तितकाच हात चालणारा. कथा, संगीत, आणि (इथे मागच्या बाकावरची पोरे सावरून बसली) सुंदर स्त्रियांची छायाचित्रे. सहा अंकांत कारभार आटोपला. हशा पिकला.

मित्र थांबला. म्हणाला, "त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात पिकल्या केसांच्या काळ्या माणसालाही गोरे लोक 'ए पोरा' अशी हाक मारीत. आणि मासिकाचे नाव 'ड्यूक', म्हणजे उमराव! आता हसा."

कोणी हसले नाही.

मग स्वारी नागपुराकडे वळली. किसन फागूजी बनसोडे. जन्म १८७९, नागपूरजवळच्या मोहप्याचा. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या या गृहस्थांनी १९०७ साली नागपुरात मुलींसाठी शाळा काढली आणि १९१० साली स्वतःचा छापखाना. लेखणी कोणीही उसनी देईल हो, पण छापखाना कोण देणार? पत्राचे नाव ठेवले 'निराश्रित हिंद नागरिक'. हे नाव मी मनात दोनदा घोळवले. विहीर बंद, देऊळ बंद, वर इंग्रजांचे राज्य. आणि हा माणूस आपल्या लोकांना 'नागरिक' म्हणतो! 'मूकनायक' निघायला अजून दहा वर्षे होती, राज्यघटना यायला चाळीस. पुढे त्यांनी 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' आणि 'चोखामेळा' ही पत्रे काढली. १९४६ साली ते वारले.

एक वृद्ध गृहस्थ उठून म्हणाले, "एखादा अंक दाखवा ना, सर."

मित्राने रिकामे हात पुढे केले. "माझ्याजवळ एकही नाही, काका. ज्यांच्या घरी हे अंक येत, त्यांच्या घराला माळा नव्हता. ज्यांच्या घराला माळा होता, त्यांनी वर्गणी भरली नाही."

माळा हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात धस्स झाले. वडिलांनी काय काय मागवले होते, हे मी जन्मात कधी सुतळी सोडून पाहिले नव्हते. परतीच्या गाडीतून मूर्तिजापूरच्या आतच घरी फोन लावला.

"सकाळीच येऊन गेला रद्दीवाला," सौ. म्हणाली. "नऊ किलो भरली. का हो?"

बडनेऱ्याहून थेट त्याच्या दुकानी गेलो. निम्मा माल दुपारीच ट्रकमध्ये चढला होता. उरलेले चार किलो त्याने पुन्हा काट्यावर टाकले. घेताना भाव बारा रुपये, देताना वीस! एरवी मी भाजीवालीशी एका रुपयासाठी भांडतो. त्या दिवशी मुकाट्याने ऐंशी रुपये मोजले.

रात्री जेवणे झाल्यावर सौ. स्वतःच कात्री घेऊन आली आणि आम्ही दोघे सुतळी कापायला बसलो.