विहिरीच्या पायऱ्या आणि फवारणी पंप

कुंभकोणमच्या महामहम तलावाला चारही बाजूंनी दगडी पायऱ्या आहेत. काठावर १६ मंडप आणि तळाशी २० विहिरी असलेला हा तलाव दर १२ वर्षांनी स्नानपर्वासाठी येणाऱ्या लाखो भाविकांनी गजबजतो. मागील पर्व फेब्रुवारी २०१६ मध्ये झाले. हा मुलूख सुमारे सव्वाशे वर्षे तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होता. पाण्यापर्यंत पायऱ्यांनी उतरण्याची रीत बारवांमुळे महाराष्ट्रालाही परकी नाही. स्नानाच्या तलावाला पायऱ्या असाव्यात, हे योग्यच. परंतु पिण्याच्या पाण्याच्या विहिरीलाही त्या असल्या, तर काय घडते हे तमिळनाडू आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी नारूच्या रूपाने भोगले आहे.

नारूची मादी साधारण हातभर लांबीची असते. माणसाच्या शरीरात सुमारे वर्षभर वाढून ती बहुधा पायाच्या त्वचेखाली येते. तेथे फोड उठतो, आग होते, आणि तो पाय पाण्यात बुडताच फुटलेल्या फोडातून हजारो अळ्या पाण्यात सुटतात. या अळ्यांना सायक्लॉप्स गिळतो. सायक्लॉप्स हा कीटक नव्हे. तो डोळ्यांना जेमतेम दिसणारा कवचधारी जीव आहे, तरीही त्याच्या नियंत्रणाचे काम कीटकशास्त्राच्याच वाट्याला आले. त्याच्या पोटात सुमारे दोन आठवड्यांत अळी संसर्गक्षम होते, आणि न गाळलेल्या पाण्याबरोबर तो गिळला गेला की चक्र पुन्हा सुरू होते. पायरीवर उभी राहून घागर भरणारी रोगी स्त्री नकळत साऱ्या गावाची विहीर दूषित करीत असे.

या रोगावर औषध नव्हते, लसही नव्हती. देशातील नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला, तेव्हा सात राज्यांतील १२ हजारांहून अधिक गावांत जवळजवळ ४० हजार रुग्ण आढळले. पाणी दुपदरी कापडातून गाळणे, रुग्णाला पाण्यात उतरू न देणे, दर लिटरला १ मिलिग्रॅम या प्रमाणात टेमेफॉस टाकणे आणि हातपंप बसवणे असे उपाय एकत्र योजले गेले. पायऱ्यांच्या विहिरींच्या पायऱ्या बंद करून, कठडा बांधून, पाणी वरून शेंदण्याची सोय केली गेली. टेमेफॉसचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण त्याचा परिणाम काही आठवड्यांपुरताच टिकतो, आणि बंद झालेली पायरी कायमची बंद राहते. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

पाय पाण्यातून बाहेर आला. त्याच काळात फवारणी पंप मात्र पाण्याजवळ आला. कुंभकोणमनजीक आडुतुरै येथील भात संशोधन केंद्रातून १९६० च्या दशकात एडीटी २७ हा कुरुवै हंगामाचा वाण आला. त्यानंतरच्या दशकांत कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात काय किंवा विदर्भाच्या कापूसपट्ट्यात काय, कीटकनाशक हे शेतीचे नित्याचे साधन झाले. पंप भरायचा तो विहिरीवर, औषध कालवायचे ते कठड्याशी आणि बादली धुवायची तीही तेथेच, ही सवय दोन्हीकडे सहज दिसते.

एक हिशेब करून पाहावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) मोनोक्रोटोफॉसची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे. या औषधावर निर्बंध आले असले, तरी आकडे समजण्यास ते सोयीचे आहे. ३६ टक्के द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये ३ लाख ६० हजार मायक्रोग्रॅम क्रियाशील घटक असतो. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल, तर ते सुमारे १ लाख १३ हजार लिटर भरते. म्हणजे झाकणातून सांडलेले १ मिलिलिटर औषध त्या विहिरीत पूर्ण मिसळले, तर मर्यादा तिपटीने ओलांडली जाते. हे औषध पाण्यात सहज विरघळते आणि मातीला फारसे चिकटत नाही, त्यामुळे फुटक्या ओट्यावर सांडलेला अंशही खाली झिरपू शकतो. शेतात नियमानुसार केलेल्या फवारणीपेक्षा पाणवठ्यावरील अशा सांडलवंडीची धास्ती अधिक वाटावी ती यामुळे.

गावात वापरल्या जाणाऱ्या पाणी तपासणी संचातून क्लोरीन, नायट्रेट किंवा जिवाणूंचा दोष कळतो, कीटकनाशक कळत नाही. त्यासाठी सुसज्ज प्रयोगशाळाच लागते. स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या हिरव्या, पिवळ्या आणि लाल कार्डांची पद्धत महाराष्ट्रात चांगली रुजली आहे. त्या पाहणीच्या वेळी कृषी सहायक जलसुरक्षकाबरोबर गेल्यास एक प्रश्न अधिक विचारता येईल: या पाणवठ्यावर फवारणी पंप कोण भरतो आणि कोठे धुतो?

उपाय खर्चिक नाहीत. पाणी पिंपात भरून शेताच्या बांधावर न्यावे आणि औषध तेथेच, पाणवठ्यापासून दूर व उताराच्या खालच्या अंगाला कालवावे. विद्युत पंपाने टाकी भरताना नळीचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावे. ते द्रावणात बुडालेले असताना वीज गेली, तर द्रावण उलट विहिरीत ओढले जाऊ शकते. रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि पिकावर फवारावे. विहिरीभोवतीचा ओटा भेगाळला असेल, तर त्याची दुरुस्ती आणि सांडपाण्याची नाली ही कामे खरिपातील पहिल्या फवारणीपूर्वी ग्रामपंचायतीकडून करून घ्यावीत.