नदीकाठची नावं : मन्याड की मानार?

मागच्या आठवड्यात लेंडीचं खोरं पाहिलं. तिच्या उत्तरेला, बालाघाटच्या माथ्यावरून उतरणारी मन्याड ही या आठवड्याची नदी.

कंधार, लोहा, अहमदपूर या भागात कुणालाही विचारा, नदी मन्याडच. मुलूखही मन्याड खोरं. भाई केशवराव धोंडगे यांना लोकांनी मन्याड खोऱ्याचा ढाण्या वाघ म्हटलं. पण पाटबंधाऱ्याच्या कागदावर हीच नदी ‘मानार’ होते. लिंबोटीचं धरण ऊर्ध्व मानार, बारूळचं धरण निम्न मानार. पावसाळ्यात ‘मानार प्रकल्पातून विसर्ग सुरू’ अशी बातमी येते तेव्हा पुण्याला कामाला गेलेल्या कंधारच्या पोराला ती आपल्याच नदीची आहे हे चटकन उमगत नाही. पुराचा इशारा ज्या नावाने द्यायचा ते नाव काठच्या माणसाच्या तोंडचंच असायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

नदीची वाट आधी समजून घेऊ. बीड जिल्ह्यात धर्मापुरीच्या बाजूला ती उगम पावते, अहमदपूर तालुक्यातून नांदेड जिल्ह्यात शिरते आणि लिंबोटी, कंधार, बारूळ करत बिलोलीच्या दिशेने जाते. कंधारपासून गोदावरी तशी लांब नाही, तरी मन्याड उत्तरेला वळत नाही. दोघींच्या मधे बालाघाटचा उंचवटा आहे. म्हणून ती पूर्वेकडे जाते आणि मांजरेला मिळते. मांजराही सरळ मार्गाची नव्हे. पाटोद्याच्या डोंगरातून निघून ती आग्नेयेला पार मेदकपर्यंत जाते, तिथून उत्तरेला फिरते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास करून कंदकुर्तीला गोदावरीत मिसळते. धर्मापुरीच्या माळावर पडलेला पाऊस गोदावरीत पोचतो तो असा, मांजरेच्या ओटीतून.

हे खोरं काळ्या पाषाणाचं. पाऊस झाला की ओढे भरून वाहतात, पाऊस सरला की पात्र आटत जातं. राष्ट्रकूटांच्या काळात कंधार मोठं नगर होतं आणि नदी उशाला असूनही तिथे जगत्तुंग सागर नावाचा विस्तीर्ण तलाव बांधला गेला. नदीच्या भरवशावर बारमाही पाणी मिळणार नाही, हे त्या बांधणाऱ्यांनी ओळखलं असणार. लिंबोटी आणि बारूळची धरणं त्याच गरजेतून आली.

मन्याडचा ‘मानार’ कसा झाला? माझा अंदाज असा. शेवटचा ‘ड’ आपण बोलताना ‘र’च्या जवळ नेतो. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि दफ्तर उर्दूत चालायचं. उर्दूत या उच्चारासाठी वेगळं अक्षर आहे, पण रोमन लिपीत उतरवताना त्याचा नुसता ‘र’ होतो. नकाशावर एकदा ‘र’ आला की पुढचा कारकून तोच पुन्हा देवनागरीत लिहिणार.

गोंधळ इथेच थांबत नाही. तेलंगणात करीमनगरला मानेरू नावाची नदी आहे, तीही गोदावरीचीच उपनदी, आणि तिच्यावर ‘लोअर मानेर’ धरण आहे. रोमन लिपीत हे नाव आणि बारूळच्या ‘लोअर मानार’चं नाव इतकं सारखं दिसतं, की गोदावरी खोऱ्याचे तक्ते वाचताना डोळ्यांत तेल घालावं लागतं. म्हणजे मन्याडऐवजी मानार लिहून आपण आपली नदी परक्या नदीच्या आणखी जवळ नेऊन ठेवली.

‘मन्याड’ लिहिल्यानेही सगळं सुटत नाही, हे मान्य. चाळीसगाव तालुक्यात दुसरी मन्याड आहे, तिच्यावरही धरण आहे. ती गिरणेला मिळते, गिरणा तापीला, आणि ते पाणी अरबी समुद्रात जातं. आपल्या मन्याडचं पाणी बंगालच्या उपसागरात. मात्र या दोघींची गल्लत टाळायला ‘कंधारची मन्याड’ आणि ‘चाळीसगावची मन्याड’ एवढं म्हटलं तरी पुरतं. त्यासाठी नाव मोडायची गरज नाही.

धरणावरच्या फलकावर, पुलांवर आणि विसर्गाच्या सूचनेत ‘मन्याड’ आधी लिहावं, ‘मानार’ नंतर. जुनी कागदपत्रं जुळवायला दुसरं नाव लागेलच, ते राहू द्यावं. लिंबोटी आणि बारूळच्या कालव्यांवर ज्यांची शेती आहे त्या गावांनी ग्रामसभेत असा ठराव घ्यायला काहीच हरकत नाही.

पुढच्या आठवड्यात उदगीर-जळकोटकडची तिरू.