तिसरी सही

माणूस दोन पायांवर उभा राहतो तो तिघांच्या संमतीनं. डोळे सांगतात उभं काय, आडवं काय. तळपाय, घोटे आणि मान सांगतात भार कुठे पडलाय. आणि कानाच्या आत, ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच, एक तिसरा अवयव आहे. डोकं कुठे आणि किती वेगानं वळलं ते तो कळवतो. मी नोकरीभर बँकेत धनादेशांवरच्या सह्या ताडून पाहिल्या, त्यामुळे मला हे संयुक्त खातंच वाटतं. तिन्ही सह्या जुळल्या तरच व्यवहार पुढे. माझ्या उजव्या कानाची सही एका सकाळी जुळेनाशी झाली.

आदल्या आठवड्यात सर्दी-ताप होऊन गेला होता. त्या सकाळी उठायला गेले तर खोली भिंतींसकट फिरायला लागली. ओकाऱ्या थांबेनात. डोळे मिटले तरी फिरणं चालूच. एका डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढायला लावला आणि मणके झिजलेत म्हणून पट्टा दिला. पन्नाशी उलटलेल्या कुणाच्याही मानेचा फोटो काढा, झीज दिसणारच. शेजारणीनं पित्त ठरवून कोकम सरबत आणून दिलं. ते निदान चवीला तरी बरं होतं.

शेवटी कोल्हापूरला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, स्वतःच्या नाकाकडे बघत राहायला सांगितलं आणि डोकं झटकन डावीकडे वळवलं. नजर नाकावरच राहिली. मग उजवीकडे. या खेपेला नजर डोक्याबरोबर वाहवत गेली आणि उडी मारून नाकावर परत आली. एवढ्या साध्या तपासणीत बरंच कळलं: उजव्या कानाच्या तोलाच्या नसेला सूज, वेस्टिब्युलर न्युरायटिस. ऐकू मात्र पूर्वीसारखंच येत होतं.

खोली फिरतेय आणि त्याबरोबर बोलणं जड झालंय, एकाचे दोन दिसतायत, तोंड वाकडं झालंय, हातापायातली शक्ती गेलीय, धरूनसुद्धा उभं राहता येत नाही किंवा कधी नव्हे असं डोकं दुखतंय, तर तो कानाचा नव्हे, मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा सरबत नाही, पट्टा नाही, थेट मोठं इस्पितळ.

आता ही तिसरी सही करतो कोण ते सांगते. प्रत्येक कानात अर्धवर्तुळाकार तीन बारीक नळ्या असतात, एकमेकींशी काटकोनात, आत द्रव भरलेल्या. डोकं वळलं की नळी वळते, पण द्रव क्षणभर मागे राहतो आणि आतल्या नाजूक केसांना वाकवतो. तीच बातमी नसेतून मेंदूकडे जाते. शेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात. त्यांच्या वजनावरून खाली कुठे आहे ते कळतं. ही बातमी इतक्या वेगानं पोचते, की डोकं हलल्यापासून सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात डोळे उलट दिशेला वळू लागलेले असतात. म्हणून चालताचालता आपल्याला दुकानाची पाटी वाचता येते.

आणि दोन्ही कान डोकं स्थिर असतानाही बातम्या पाठवतच असतात. उजवीकडे वळलं की उजव्याच्या वाढतात, डाव्याच्या घटतात. माझा उजवा कान अचानक गप्प झाला तेव्हा डाव्याच्या बातम्या तेवढ्या राहिल्या आणि मेंदूनं हिशेब केला: ही बाई डावीकडे गरगर फिरतेय. मी गादीवर पडून होते.

पहिले काही दिवस ओकारी आणि चक्कर दाबणाऱ्या गोळ्या लागतात. पण त्या लवकर बंद करायच्या असतात हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. वर्षानुवर्षं त्या गोळ्या घेणारी माणसं माझ्याच नात्यात आहेत. या गोळ्या मेंदूला गुंगवतात, आणि नेमकं त्याच वेळी मेंदूला शिकायचं असतं. एका बाजूची बातमी कमी झालीय हे ओळखून त्याला सगळा हिशेब नव्यानं मांडायचा असतो. पडून राहिल्यानं नुसतं गरगरणं थांबतं. पुढचं शिकणं हलल्याशिवाय होत नाही, कारण चूक झाली तरच मेंदूला दुरुस्ती सुचते. मला सांगायचं आहे ते एवढंच. नंतर मी खाडीत वल्हवायला गेले, ते पाणी, वल्हं, बोर्ड हे सगळं त्यापुढचं.

हे मी शोधलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डोक्याला मार लागलेले सैनिक चक्कर येते म्हणून खाटेला खिळत, तेव्हा लंडनमध्ये टेरेन्स कॉथॉर्न हे कानाचे सर्जन आणि त्यांचे सहकारी कुकसी यांनी उलटा रस्ता धरला. नजर हलवा, मान हलवा, वाका, चेंडू झेला, उतारावरून चाला, डोळे मिटून चाला, गर्दीत जा. ज्यानं चक्कर येते तेच करा, थोडं थोडं. आज जगभर दिल्या जाणाऱ्या तोलाच्या व्यायामांचं मूळ तिथे आहे.

त्याहीआधीची एक गोष्ट पाण्याची आहे आणि मला ती फार आवडते. व्हिएन्नात रॉबर्ट बाराणी नावाचे डॉक्टर पिचकारीनं रुग्णांचे कान धूत. काहींना चक्कर यायची, डोळे थरथरायचे. पाणी गार असलं की डोळे एका दिशेला धावत, गरम असलं की बरोबर उलट. बाराणींनी ताडलं, की पाण्याच्या तापमानानं कानातला द्रव वर किंवा खाली वाहू लागतो आणि डोकं न हलवताच हलल्याची बातमी जाते. आतल्या कानाची तपासणी त्यातून जन्माला आली. 1914चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं तेव्हा ते रशियनांच्या युद्धकैदेत होते. स्वीडनच्या राजपुत्रानं रदबदली केली आणि 1916 मध्ये सुटका झाली. माझ्याही कानांत असंच गार-गरम करून पाहिलं. डाव्या कानात गार गेल्याबरोबर छत फिरलं. उजव्यात जवळजवळ काहीच नाही.

घरचे व्यायाम दिसायला पोरकट. अंगठा समोर धरून त्याच्यावर नजर रोखायची आणि मान नाही-नाही अशी हलवायची, नख धूसर होईपर्यंत. खोलीच्या कोपऱ्यात गादी टाकून तिच्यावर पाय जुळवून उभं राहायचं, मग डोळे मिटायचे. कोपरा अशासाठी, की दोन्ही बाजूंना भिंत असते. डोळे मिटले की एक सही गेली, मऊ गादीमुळे दुसरी अंधूक झाली. उरलेल्या कानाला आता काम करावंच लागतं. तोंड धुताना डोळे मिटले की माझ्यासारखी कानाचा तोल गेलेली माणसं बेसिनवर का कलंडतात, तेही यावरून कळेल.

काही आठवड्यांनी घरात नीट चालू लागले. पण बाजाराच्या दिवशी मालवणच्या पेठेत माणसं दोन्ही बाजूंनी सरकायला लागली की पाय लटपटायचे, आणि वाळूत संध्याकाळनंतर तर प्रश्नच नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, आता तुम्हाला अवघड जागा हवी. अवघड जागा घरचीच होती. माझा भाचा देवबागला पर्यटकांना कयाक आणि उभ्यानं वल्हवायचे बोर्ड भाड्यानं देतो. देवबाग म्हणजे माडांची चिंचोळी पट्टी, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी. डॉक्टरांना विचारलं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, लाइफ जॅकेट आणि सोबत पोहणारा माणूस असेल तरच.

सुरुवात कमरेइतक्या पाण्यात चालण्यापासून केली. तेवढ्या पाण्यात शरीराचं जवळजवळ निम्मं वजन पाणी पेलतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तोल गेला तरी पडणं सावकाश होतं. जमिनीवर चूक आणि आपटणं यांत क्षणाचंही अंतर नसतं. पाण्यात चूक लक्षात येऊन पाय सरकवायला वेळ मिळतो. पडायची भीती गेली की ताठ धरलेली मानही सुटते. महिनोन्महिने मान आखडून चालणारी माणसं मी इस्पितळात पाहिली आहेत. मान हललीच नाही तर मेंदू शिकणार कसा?

मग कयाक. वरून उघडी, रुंद, बसायची जागा पाण्याच्या पातळीजवळ. त्यामुळे गुरुत्वमध्य खाली राहतो आणि ती सहसा उलटत नाही. वल्हं उजवीकडे, वल्हं डावीकडे, प्रत्येक वेळी कंबर आणि खांदे वळतात, डोकं वळतं आणि नजर मात्र समोर ठेवावी लागते. अंगठ्याचा व्यायामच हा, पण कंटाळा येत नाही. पहिल्यांदा कयाक डुचमळली तेव्हा मी किंचाळले. भाचा कमरेवर हात ठेवून पाण्यात उभा होता. "हलता म्हणान काय झाला? होडी ती, हलतलीच."

बोर्ड पुष्कळ नंतर. साधारण 10-11 फूट लांब, 32 इंचांच्या आसपास रुंद. अरुंद बोर्ड वेगानं जातात, पण आम्हाला शर्यत जिंकायची नाही. आधी गुडघ्यांवर वल्हवायचं. उठायचं ते मध्यावर, पावलं कमरेच्या रुंदीइतकी दूर, गुडघे सैल. वल्ह्याचं पातं पाण्यात असेपर्यंत त्याचा आधार असतो. घाबरून ते हवेत उचललं की गेलंच. आणि खाली बघायचं नाही. "मावशे, पायांकडे बघू नको. पलीकडच्या माडांका बघ."

माडांकडे का, ते मला गादीवरच्या व्यायामामुळे लगेच उमगलं. जवळचं पाणी स्वतःच हलत असतं, त्याच्यावर नजर ठेवली तर डोळेही खोटी साक्ष देतात. दूरचे माड जागचे हलत नाहीत. पायांखालचा बोर्ड तर सतत डोलणारा, त्यामुळे पायांच्या बातमीवर विसंबता येत नाही. राहिला कान. दर सेकंदाला एक बारीकशी चूक, तिची लगेच दुरुस्ती, पुन्हा चूक. कोपऱ्यातल्या गादीवर मी दोन मिनिटांत घड्याळ बघायचे. खाडीत तास कधी गेला कळायचं नाही. मनापासून सांगायचं तर पाण्याचा मोठा गुण हाच आहे. पाण्यात जादू नाही. हेच काम टेकडीवरची पायवाट किंवा ताई-ची करू शकते, ज्याला जे आवडेल ते. व्यायाम बिघडत नाही, माणसं तो सोडून देतात.

किनाऱ्यावर उतरल्यावर जमीन डोलते त्याला घाबरू नये. मेंदूनं डोलणं गृहीत धरलेलं असतं, ते उतरायला वेळ लागतो. खलाशांनाही होतं. बहुधा काही तासांत जातं. दिवसेंदिवस राहिलं तर डॉक्टरांना दाखवायचं.

पाण्याचा धोका मात्र या आजारात इतरांपेक्षा वेगळा आहे. ज्यांच्या दोन्ही कानांची तोलाची यंत्रणा गेली आहे त्यांना बुडी मारल्यावर वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही. पाण्यात पायांवर भार नसतो, गढूळ पाण्यात किंवा अंधारात डोळे चालत नाहीत, तिसरी सही नाहीच. उत्तम पोहणारा माणूसही तळाकडे पोहत जाऊ शकतो. दोन्ही कानांचा तोल असा जाणं हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. जेंटामायसिन आणि क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं काहींच्या बाबतीत तेच करतात. स्ट्रेप्टोमायसिननं तोल गमावलेल्या एका अमेरिकी डॉक्टरनं 1952 मध्ये स्वतःचा अनुभव वैद्यकीय नियतकालिकात लिहिला. वाचताना छातीच्या ठोक्यानंही अक्षरं हलत, म्हणून तो पलंगाच्या दोन गजांमध्ये डोकं टेकवून धरायचा. अशा माणसानं बोर्डाच्या वाटेला डॉक्टर आणि फिजिओ दोघांच्या होकाराशिवाय जाऊ नये, आणि पाण्याखाली तर नाहीच.

देवबागशेजारच्या तारकर्लीला येणारा प्रत्येक पाहुणा मला स्कूबाबद्दल विचारतो. माझं उत्तर ठाम आहे. पाण्याखाली दाब बदलतो, दोन कानांत तो सारखा बदलला नाही तरी निरोगी माणसाला गरगरतं. माझ्यासारखीला तिथे ओकारी आली तर तोंडात नळी असते. मी वरूनच समाधानी आहे. तसंच मेनियर नावाचा कानाचा आजार असलेले, अचानक कोसळणारे, फिट येणारे यांनीही थांबावं. आणि कुशीवर वळलं की काही सेकंद गरगरतं अशी तक्रार असेल, तर बहुतेक वेळा कानातले ते कण जागा सोडून नळीत शिरलेले असतात. जॉन एपली या अमेरिकी डॉक्टरच्या पद्धतीनं डोकं क्रमाक्रमानं वळवून ते काही मिनिटांत जागेवर नेता येतात. त्यासाठी खाडीत यायची गरज नाही.

आम्ही भरती पुरती भरली की उतरतो, कारण तेव्हा पाणी थोडा वेळ थांबतं. सुकती लागली की ते मुखाकडे ओढायला लागतं, मग भाचा कुणाचं ऐकत नाही, सगळ्यांना बाहेर काढतो. पावसाळ्यात धंदा बंद, मीही घरी. त्या महिन्यांत मी मागे पडते हे खरं आहे. गादी कोपऱ्यात परत येते.

गेल्या तपासणीत उजव्या कानाची नस होती तशीच निघाली, जवळजवळ मुकी. सुधारलाय तो हिशेब. अंधारात बॅटरी लागते, ताप आला की चार दिवस पुन्हा डळमळतं, डोंगरातल्या बसमध्ये मागच्या सीटवर मी बसत नाही. पण पेठेत जाते, पाट्या वाचते.

शेजारीण हल्ली मागे लागलीय, तिलाही चक्कर येते तर तिलाही बोर्डावर न्यावं. मी तिला सांगितलंय, आधी कान तपासून कागद घेऊन ये आणि रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या घेतेस तेही डॉक्टरांना दाखव. तिनं अजून काही दाखवलेलं नाही. सरबत मात्र पाठवते.