वाफेची जागा

पहाटे ५.४०
कोल्हापूर, शुक्रवार पेठ. मास्तरांनी रात्रीच कागद पाटीला टेपनं चिकटवून ठेवलेत. सुती कागद, ३०० जीएसएम. २२ बाय ३० इंचांच्या तावाचे चार तुकडे करतात. एक दीडशेला पडतो. आज दोनच घेतलेत. पिशवीत तीन ब्रश, पत्र्याचं पॅलेट, पाण्याची बाटली, जुन्या धोतराचं फडकं.

६.२०
शंभरचं पेट्रोल टाकून शिवाजी पूल. पंचगंगेवर धुकं. मास्तर थांबत नाहीत. ‘नदी आबालालांची,’ म्हणतात. आबालाल रहिमान १९३१ साली गेले. कोटितीर्थ, रंकाळा, ही नदी त्यांनी अशी रंगवली, की कोल्हापूरचा चित्रकार अजून तिथं जरा दबकूनच बसतो.

७.००
पन्हाळा रस्त्याला गुऱ्हाळ. आधण नुकतंच चढलंय. अडीच-तीन तास हातात आहेत. पेन्सिलीच्या पाच-सहा रेघा, बस्स. मग मास्तर तासभर काहीच करत नाहीत. काहिलीवरची वाफ कुठून उठते, छपराखाली कुठं अडते, तेवढंच बघतात. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. वाफेची जागा आधीच ठरवावी लागते. एकदा रंग गेला, की ती परत मिळत नाही.

८.१५
कागद ओला केला. यलो ऑकर, वर कोबाल्ट. वाफेची कड ओल्यातच विरू दिली. चुलवाणाच्या धगीनं उजवी बाजू आधी वाळायला लागली, तशी पाटी फिरवली. एवढ्यात चिपाडाच्या राखेचा एक काळा कपटा आभाळात पडला. मास्तरांचा हात वर गेला, तिथंच थांबला. ओल्यात बोट लावलं की डाग पसरतो.

९.३५
गुळव्यानं थेंब गार पाण्यात टाकला, बोटांत चेपला. गोळी झाली. हाक गेली. चौघांनी काहील ओढून वाफ्यात रिकामी केली. त्या दोन मिनिटांत मास्तरांनी चार माणसं घेतली: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, एक ठिपका डोक्याचा, एक फटका वाकलेल्या पाठीचा. मला हेच चित्राचं खरं काम वाटलं.

१०.१०
गुळव्या हात पुसत आला. त्याची मजुरी आधणावर. पुढचं आधण लगेच चढायचंय.
‘मास्तर, हितं काय काढलंच न्हाई की.’
‘तीच तुमची वाफ, मामा.’
तो चार पावलं मागं सरला. ‘व्हय की!’
काकवीची बाटली दिली. पैसे घेतले नाहीत.

दुपारी २.००
फ्रेमवाला. माउंट, काच, पट्टी मिळून साडेनऊशे. चित्र सहा हजाराला लागेल, त्यातला तिसरा हिस्सा दालनाचा. विकली न गेलेली दिवाणाखाली आहेत. मास्तर त्यांना दर पावसाळ्यात बुरशीसाठी तपासतात. फ्रेम आज नको म्हणाले.

रात्री ९.००
कागद पुरता वाळलाय. मास्तरांनी नखानं कपटा उडवला. खाली तांदळाएवढी फिकट खूण राहिली, ऐन आभाळात. ब्रश भिजवला. बराच वेळ धरून बसले. मग फडक्याला पुसून ठेवून दिला, आणि खाली कोपऱ्यात सही केली.