जप्ती येते, म्हणून संसार जात नाही

कर्ज थकले, कोर्टाचा हुकूमनामा झाला, की बेलिफ येऊन घर धुऊन नेतो, हा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. तो खोटा आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० नुसार ऋणकोचे आणि त्याच्या बायकामुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. धार्मिक रूढीनुसार बाईने अंगावेगळे करू नये असे मंगळसूत्रासारखे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि पोटापाण्यापुरती जनावरे व बियाणे यांनाही हात लावता येत नाही. ‘मी ही सवलत सोडतो’ असे आधीच लिहून घेतले असेल, तर तो करारही याच कलमानुसार रद्दबातल ठरतो.

बेलिफ हवा तेव्हा घरात घुसू शकतो, हा दुसरा गैरसमज. कलम ६२ प्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. बाहेरचे दार तोडायचे, तर घर ऋणकोच्याच ताब्यात हवे आणि त्याने आत येऊ द्यायला नकार दिलेला किंवा अडथळा आणलेला हवा. मात्र एकदा रीतसर आत आल्यावर, जप्तीची वस्तू ज्या खोलीत आहे असे मानायला कारण असेल, तिचे दार तो तोडू शकतो. म्हणून हुज्जत घालण्याऐवजी वॉरंट वाचावे. त्यावर कोर्टाचा शिक्का, सही आणि बजावणीची मुदत असते. वसुली एजंटाकडे असे वॉरंट नसते. तो बेलिफ नव्हे आणि घरातली वस्तू जबरीने उचलण्याचा अधिकार त्याला नाही.

मग बुडव्यांचेच फावेल, असा आक्षेप घेतला जातो. तसे होत नाही. टीव्ही, गाडी, बँकेतली शिल्लक, इतर सोने यांना या यादीचे कवच नाही. शेतकरी, मजूर आणि घरगड्याच्या स्वतःच्या राहत्या घराला संरक्षण आहे. इतरांच्या घराला ते सरसकट नाही. जप्त झालेली वस्तू भावाची किंवा भाडेकरूची असेल, तर त्याने त्याच कोर्टात हरकत नोंदवावी. धनकोचा पैसा वसूल व्हायलाच हवा, हे कायद्याला मान्य आहे. पण शिंप्याचे मशीन उचलले, तर उरलेले कर्ज तो फेडणार कशातून? कमाईचे साधन शाबूत राहिले, तरच पुढचा हप्ता येण्याची आशा राहते, आणि त्यात धनकोचेही हित आहे.